सोयरीकबाई

मलेरियाच्या जंतूंबद्दल आमच्या बाई लग्न जुळवणाऱ्या मावशीसारख्या बोलायच्या. "हे दोघे सख्खे भाऊ. हा लांबचा चुलत. आणि याचं गावच वेगळं दिसतंय." जनुकांची अक्षरं यंत्रातून पडद्यावर उतरली की चष्मा कपाळावर सरकवून त्या घराणी लावत बसत. पिंपरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सोयरीकबाई म्हणत. हे त्यांच्या कानावर होतं, पण त्या रागावत नसत.

खोटं मात्र त्यांना अजिबात खपायचं नाही. मोठ्या साहेबांसमोर "आमचा मागचा निष्कर्ष चुकला" हे त्या पाणी मागावं इतक्या सहज सांगून टाकत. मी कसनुशी झाले की म्हणत, "अगं, चूक लपवून काय लोणचं घालायचंय का?"

एका पावसाळ्यात चाकणजवळच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये मलेरिया पसरला. कंपन्यांत कंत्राटावर काम करणारी कुटुंबं तिथे दाटीवाटीनं राहत. कुणी ओडिशाचं, कुणी झारखंडचं. गडचिरोलीच्या देवरावची चार वर्षांची मुलगी त्यात दगावली. आम्ही सगळ्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब कागदावर घेतला. देवरावच्याही रक्तात जंतू निघाले, पण त्याला ताप असा आलाच नव्हता; मलेरियाच्या भागात वाढलेल्यांच्या अंगात जंतू कधीकधी असे गुपचूप राहतात. पोरीकडूनच आपल्याला लागण झाली असणार, असं तो धरून चालला होता.

खोल्यांचा मालक बाईंना म्हणाला, "म्याडम, आमाला कुनाला तरास द्यायचा न्हाई. ज्यानं आनलं त्याचं नाव सांगा. त्येला काढतो, बाकीच्यांनी ऱ्हावं."

"आधी तुमची पाण्याची टाकी झाका," बाई म्हणाल्या. "डास तुम्ही पाळलेत."

काही आठवड्यांनी निकाल हाती आला. देवरावच्या रक्तात जंतूंची तीन घराणी होती आणि बाकी सगळ्या आजाऱ्यांत त्यातलं एकच. ते घराणं गडचिरोलीकडच्या नमुन्यांशी जुळत होतं. नात्यातल्या एका लग्नासाठी तो गावी जाऊन आला होता, आणि त्यानंतरच इथला पहिला ताप. बाईंनी सगळं पुन्हा तपासायला लावलं. तेच आलं. त्या दिवशी त्या सोयरीक वगैरे काही बोलल्या नाहीत.

नेमका त्याच आठवड्यात देवराव प्रयोगशाळेत आला. खुर्चीच्या कडेवर बसला. "म्याडम, माही पोरगी गेली जी. कोनापासून आलं, तेवढं सांगून द्या. मले त्याचं तोंड पाहाचं हाय."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "देवराव, ते आम्हाला कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "एवढं कळलं की टाकी झाकलेली असती, तर पोर वाचली असती."

तो हात जोडून निघून गेला. बाई बराच वेळ हात धूत राहिल्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "त्याला अजून जगायचंय गं." अहवालात त्यांनी सगळं खरं लिहिलं, पण नाव किंवा खोलीचा नंबर कुठेही येऊ दिला नाही. टाकीवर झाकण बसेपर्यंत त्या मला सोबत घेऊन स्वतः चाकणला खेपा घालत राहिल्या. मालकाला कुणाचंच नाव मिळालं नाही, म्हणून कुणालाच काढता आलं नाही.

बाई मागच्या वर्षी गेल्या. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मला त्यांची फार उणीव भासते, विशेषतः निकाल हातात असतो आणि काय बोलावं ते सुचत नाही, तेव्हा.

यंदा फेरतपासणीसाठी मी त्याच खोल्यांवर गेले. देवराव अजून तिथेच राहतो. बाई गेल्याचं सांगितल्यावर त्याचे डोळे भरून आले. "देवमानूस होत्या जी. तुमच्यासंग टाकीपाशी उभ्या राहत, ते मले अजून दिसते."

मग बोट पुढे करत तो म्हणाला, "पन ताई, ज्यानं आनलं ना, त्याले मी मरेपर्यंत माफ नाही करनार."

मी त्याचं बोट पुसलं, थेंब कागदावर घेतला आणि टोचलेल्या जागी कापूस दाबून धरला, गरज होती त्याहून जास्त वेळ.