चाईचा फोटो

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या डोक्याला मागच्या बाजूने चाई पडली. मोठ्या नाण्याएवढा गोल डाग, त्यात एकही केस नाही. लिंबागणेशहून बीडला कॉलेजला जाणाऱ्या आम्ही मुली उन्हासाठी डोक्या-तोंडाला स्कार्फ बांधतो. मी तो वर्गातही सोडेनाशी झाले.

घरात कळलं तेव्हा काकूंनी तिथल्या तिथे सांगितलं, केस खाणारा किडा. त्यावर आमच्याकडे एकच इलाज. जागा गोणपाटाने रक्त येईपर्यंत घासायची आणि वर लसूण चोळायचा. काकूंनी तो मन लावून केला. डोक्याला फोड आले.

मग आईला घेऊन मी बीडच्या मोठ्या दवाखान्यात गेले. डोकं दाखवायला गेलेली मी, पण डॉक्टरबाईंनी आधी हात मागितले. कापसाने माझं नेलपॉलिश पुसलं. नखांवर, शिवताना बोटात घालायच्या टोपणावर असतात तसे बारीक खड्डे होते. त्या म्हणाल्या, नखं आणि केस, दुखणं एकच. रोगापासून राखण करणारी शरीराची शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उठते. किडा नसतो आणि हे एकाचं दुसऱ्याला होत नाही. ती शक्ती अशी का उलटते, हे मात्र अजून पूर्ण कुणालाच कळलेलं नाही. त्यांचं संशोधन त्यावरच चाललं होतं.

फोड भरल्यावर डागात इंजेक्शनं द्यायची ठरली. तोवर अभ्यासासाठी डोक्याचे आणि नखांचे फोटो काढू देशील का, असं त्यांनी विचारलं. नाव, चेहरा कुठे येणार नाही आणि नाही म्हटलं तरी उपचार होतीलच. मी घरी विचारून सांगते म्हणाले.

घरी काकू भडकल्या. "फोटू कावून द्यायचा? उद्या सोयरीक जमवायची हाय. पोरगी टकली हाय म्हणून गावभर होईल."

मोठ्यांना उलट बोलायची मला सवय नाही. तरी बोलले. "समद्यांनी लपवलं, म्हणूनच कुणाला काई कळलं न्हाई काकू. मी न्हाई लपवणार."

"लई शिकलीस."

"कुठं लई? दुसऱ्याच वर्षाला हाय."

आई तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, मी जाते हिच्यासंगं.

फोटोच्या दिवशी मी स्कार्फ सोडून आईच्या हातात दिला. स्क्रीनवर मला माझ्या डोक्याची मागची बाजू पहिल्यांदा नीट दिसली. डाग मला वाटला होता त्याहून मोठा होता आणि शेजारी दुसरा पडू लागला होता. केस येतील की नाही, याचा शब्द डॉक्टरबाईंनी दिला नव्हता, आणि न दिलेलाच मला बरा वाटला.

त्यांनी विचारलं, थांबायचं का?

मी म्हणाले, "नको. दुसऱ्या डागाचाही काढा."