वहीतले बासष्ट

हे आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, तर मध्ये अडवू नका — एकदा थांबलो की पुन्हा तोंड उघडायचं नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामती-इंदापूर पट्ट्यातला साखर कारखाना, नाव नको. मी तिथला कॉम्प्युटरवाला. टर्बाइनच्या बेअरिंगचं तापमान पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम माझा. तापमान मोजणारी तार जरा सैल झाली, की लाल खूण यायची, भोंगा वाजायचा आणि साहेब माझ्यावर खेकसायचे. रोजची कटकट! मग मी काय केलं? — नवा आकडा आला नाही तर आधीचाच दाखव, असं लिहून टाकलं. भोंगा बंद. साहेब खूश. आणि मी स्वतःला लई शहाणा समजायला लागलो.

टर्बाइनवर कऱ्हाटीचे तात्या असायचे. बेअरिंगला हात लावून ताप ओळखणारा माणूस. "तात्या, हात कशाला भाजून घेता? पडद्यावर बघा की" — हेही मीच म्हणालो होतो.

एका दुपारी बेअरिंग जळालं. उकळतं तेल उडून तात्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी धावत पडद्यापाशी गेलो. बासष्ट अंश! अहो, समोर धूर निघतोय आणि पडद्यावर बासष्ट? तार ओढून बघितली. तार सकाळीच तुटली होती.

पण सांगायचंय ते पुढंच आहे. चौकशीत तात्यांची तापमान नोंदवायची वही उघडली. दर तासाला बासष्ट, बासष्ट, बासष्ट. साहेब कडाडले, "न बघताच लिहिता होय?"

तात्या पट्टी बांधलेला हात धरून उभे. "न्हाय सायेब, दिसलं त्येच लिवलंय. इचारा की ह्यास्नी." आणि माझ्याकडं बघितलं.

मी काय बोललो? — काही नाही. टेबलाकडं बघत बसलो. तात्यांना घरी बसवलं.

आठवड्याभरात मी प्रोग्राम गुपचूप नीट केला. तार तुटली की 'वाचन नाही' असं लाल अक्षरांत यायला लागलं. साहेबांनी पाठ थोपटली. आणि मी — मी ती थोपटून घेतली!

पुढं एकदा बारामतीच्या एसटी स्टँडवर तात्या भेटले. वाटलं, आता शिव्या घालणार. तर म्हणाले, "माजीच नजर चुकली आसंल बगा. वय झालं."

मी म्हणालो, "होतं असं, तात्या."