पहिला घास

आमच्या वसतिगृहातल्या बंधुमंडळाचा इतिहास सांगायला मला दर वर्षी बोलावतात. संस्थापक सहाजणांपैकी आता गावात मीच उरलोय. तेच ते सांगून जीव विटलाय. सहा मुलं, चार भाषा, एक स्टोव्ह. अध्यक्ष आणि चिटणीस एका प्रांताचे नकोत. आणि माझ्या हट्टानं घातलेला नियम: घरून आलेला डबा खोलीत उघडायचा नाही. तो मंडळात आणायचा आणि पहिला घास दुसऱ्या भाषेच्या माणसानं घ्यायचा.

परवाही हे सगळं सांगितलं. समोरच मणिपूरचा तोंबा मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसला होता. मी नियमापाशी आलो तेव्हा त्यानं झाकणावर हात ठेवला, आजूबाजूला पाहिलं. टाळ्या पडल्या. त्याचं ते पाहणं मला दिसलं होतं, पण मी पुढे बोलत राहिलो.

मग फोटो झाला, शाल-नारळ झाला, मुलं आपापल्या गावच्या टोळक्यात चहाला गेली. मी दमून जिन्यावरच बसलो. तोंबा जवळ आला.

"सर, काकांबरोबर आईनं वडे पाठवलेत. चार दिवस झाले."

"अरे, मग खाल्ले का नाहीस?"

"नियम आहे ना. कुणी विचारलंच नाही."

झाकण घट्ट बसलं होतं, दोघांनी मिळून काढलं. वडा चांगलाच आंबूस लागला. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

मी दुसराही घेतला.