मशीनच बेताल आहे

माझा धाकटा भाऊ हॉटेलातल्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. घरी टेबल, ताट, प्रसंगी माझं डोकंही त्याला चालतं. त्याची कंबर दुखू लागली तेव्हा जो तो डॉक्टर झाला. शेजारी म्हणाले, गादी मऊ आहे. झालं! यानं खोलीचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि त्यावर झोपू लागला. कंबर होती तशीच राहिली, घोरणं मात्र घरभर झालं. पुढे चालताना उजव्या पायातली चप्पल गळून पडायला लागली, तेव्हा मी त्याला कान धरून इस्पितळात नेलं.

एमआरआय दोनदा फसला. चित्रं सगळी फिसकटलेली.

"काका, पाय का हलवताय?" टेक्निशियन वैतागला.

"मशीनच बेताल आहे हो," ठकठकणाऱ्या मशीनच्या आतून उत्तर आलं. "मी सावरून घेतोय!"

शेवटी अंगावरचं सगळं धातूचं काढून मी आत गेले आणि त्याचे दोन्ही अंगठे गच्च धरून बसले. तेव्हा कुठे गाठ दिसली. मणक्याजवळच्या नसेच्या आवरणातून उगवलेली. सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, आणि तोही दुर्मीळ. 'दुर्मीळ' ऐकून हा गधडा क्षणभर खूशच झाला.

सर्जनबाईंनी स्पष्टच सांगितलं, "गाठ नसेसकट काढावी लागेल. उजवं पाऊल लुळं पडेल."

त्याच पावलानं तो ड्रमचं पेडल दाबतो. त्याचा चेहरा पडला.

"थोडी गाठ राहू द्या की, नस वाचवा."

"उरलेली परत वाढते. इथे घासाघीस नाही चालत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ताई, तू सांग."

"खड्ड्यात गेला तुझा पाय," मी ओरडले. "मला तू हवायस!"

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी बाई रिपोर्ट घेऊन आल्या. गाठ पूर्ण निघाली होती, कापलेल्या कडांना कॅन्सरचा अंश नव्हता. खबरदारी म्हणून रेडिएशन मात्र द्यायचं होतं. भाऊ पावलाकडे टक लावून बसला होता. पाऊल ढिम्म.

"डाव्या पायानं शिकेन," तो म्हणाला. "पण फार वाईट वाजेल गं."

"आत्तापर्यंत तरी कुठे चांगलं वाजत होतं?" मी म्हटलं, आणि त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.