एकोणीस पॉइंटांची आघाडी

आमची बटालियन तेव्हा मैदानी भागात पीस स्टेशनला होती. अडीच वर्षं झाली होती. पुढच्या महिन्यात बटालियन वर, बर्फात जाणार, एवढं सगळ्यांना माहीत होतं. तारीख माहीत नव्हती.

मी भरती झालो तो आठवी पास म्हणून. गाव जालना जिल्ह्यात. नववीला शाळा सुटली ती सुटलीच. ट्रेड मिळाला मेस किपरचा. जेवण वाढायचं, टेबलं पुसायची, ताटं मोजून ठेवायची. मी ताटं दोनदा मोजायचो. कधी कधी तिसऱ्यांदाही. काहीतरी चुकेल आणि आपल्याला घरी पाठवतील, ही भीती माझ्या पोटात सतरा वर्षं होती. खोटं कशाला बोलू, अजूनही आहे. पण ज्या फौजेने आठवीवाल्याला वर्दी दिली, पगार दिला, आई-बापाचं औषधपाणी केलं, तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

उंची सहा फूट दोन इंच. तेवढ्यावर मला बास्केटबॉलच्या टीममध्ये घेतलं. आमचे कोच हवालदार शिंदे. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी मला मेसच्या दारात पाहिलं आणि म्हणाले, "ए खांबा, हात वर कर." मी केला. "उद्या साडेपाचला ग्राउंडवर."

टीममध्ये माझ्याशी बोलणारा एकच माणूस होता. लान्स नायक दिनेश. बुटका, चपळ, रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडचा. घरची होडी, वडील समुद्रावरच गेलेले, घरी आई एकटी. तो बॉल आणायचा, खेळ चालवायचा. बाकीचे प्रॅक्टिस संपली की आपापल्या कंपनीत जायचे. दिनेश मेसच्या मागच्या पायरीवर माझ्यासोबत चहा प्यायचा.

"तू एवढा घाबरतोस कशाला रे?" तो विचारायचा. "तुझ्या डोक्यापर्यंत कुणाचा हात पोचत नाय मेल्या. मारणार कोण तुला?"

डिव्हिजनच्या फायनलला आम्ही पोहोचलो. समोर तोपखान्याची टीम. हिशोब सरळ होता. जिंकलो तर पुढच्या स्पर्धेसाठी दोन महिन्यांचा कॅम्प, खालीच, मैदानात. हरलो तर सोमवारी आपापल्या कंपनीत, आणि कंपनीसोबत वर. दिनेशने आदल्या दिवशी आईला फोन करून सांगितलं होतं, जिंकलो तर कॅम्पनंतर थेट सुट्टी, गणपतीला घरी. मी शेजारीच उभा होतो.

मॅच शनिवारी, सोळा तीसला सुरू झाली. पहिले तीन क्वार्टर आम्ही जसे खेळलो तसे त्याआधी कधी खेळलो नव्हतो. दिनेश बॉल घेऊन पळायचा, समोरच्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा स्कोअर चोपन्न-पस्तीस. एकोणीस पॉइंटांची आघाडी. आमच्या बाजूला जवान थाळ्या वाजवत होते. त्या थाळ्या माझ्याच मेसच्या होत्या.

ब्रेकमध्ये उस्तादांनी आम्हाला गोल उभं केलं.

"ऐका. पोस्ट हातात आलीय. पोस्ट घेतल्यावर काय करतो आपण?"

"रि-ऑर्ग, उस्ताद."

"बरोबर. खोदायचं आणि बसायचं. काउंटर अटॅक येणार. आता कुणीही पुढे पळायचं नाही. बॉल हातात ठेवा. चोवीस सेकंद पूर्ण वापरा. रिस्क शून्य."

हे सिव्हिलच्या माणसाला नीट समजावं म्हणून सांगतो. शत्रूची चौकी जिंकल्यावर पहिलं काम असतं आहे ती जागा धरून ठेवणं. आम्ही रिक्रूट असल्यापासून हे घोकलं होतं. त्यामुळे उस्ताद जे बोलले ते आम्हा पाचही जणांना एकदम पटलं. पाच म्हणजे चार. दिनेशला नाही पटलं.

"उस्ताद, बॉल थांबवला तर आपण पण थांबू. आमच्याकडं भरलेली होडी खाडीच्या तोंडातून आत घेताना इंजिन कमी करत नायत. कमी केलं की मागची लाट होडी आडवी करते."

"होडीचं होडीत ठेव," उस्ताद म्हणाले. सगळे हसले. दिनेशही हसला. आणि ऑर्डर ती ऑर्डर, तो ऑर्डरप्रमाणे खेळला.

चौथा क्वार्टर. आम्ही बॉल बाहेरच्या बाहेर फिरवायला लागलो. तू घे, नको, तू घे. चोवीस सेकंदांत बॉल रिंगकडे टाकावाच लागतो. टेबलावरचा क्लार्क स्टॉपवॉच बघून ओरडायचा, "बीस!" आणि मग घाईत कुणीतरी बॉल फेकायचा. तो जायचा नाही. रिबाउंड तोपखान्याला. ते पळत सुटायचे. आम्ही पळायचं विसरलो होतो. तीन क्वार्टर जे पाय आपोआप चालले ते आता विचारून चालत होते. सहा मिनिटं उरली तेव्हा छप्पन्न-शेहेचाळीस. तीन मिनिटं उरली तेव्हा छप्पन्न-बावन्न. थाळ्या बंद झाल्या. 

"होल्ड! होल्ड!" उस्ताद ओरडत होते. आघाडी चारवर आली तरी ते होल्डच म्हणत होते. मी त्यांना दोष देत नाही. मीही मनात तेच म्हणत होतो.

शेवटची तीस सेकंद. अठ्ठावन्न-सत्तावन्न. आम्ही एकाने पुढे आणि बॉल आमच्याकडे. दिनेशने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ऑर्डर मोडली. तो सरळ आत घुसला. दोघेजण त्याच्यावर धावले. त्यातला एक माझ्यावर असलेला गडी होता. दिनेशने त्यांच्या हाताखालून बॉल मला दिला. मी रिंगखाली उभा. माझ्या आसपास कुणी नाही. चौदा सेकंद बाकी. हात वर करून बॉल सोडायचा, एवढंच काम. प्रॅक्टिसला मी ते दिवसातून शंभर वेळा करायचो.

मी सोडला नाही. गेला नाही तर? माझ्या हातून हरलो तर? हे डोक्यात आलं. बॉल दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग वळलो आणि बाहेर उभ्या असलेल्या आमच्याच एका गड्याकडे टाकला. मध्ये तोपखान्याचा हात आला. त्यांचा गडी एकटाच पळत गेला आणि आरामात बॉल आत ठेवून आला. अठ्ठावन्न-एकोणसाठ. तीन सेकंद उरली होती. दिनेशने मध्यरेषेवरून फेकला. बोर्डला लागून बाहेर गेला.

उस्तादांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "सोमवारी सहा वाजता कंपनीत रिपोर्ट."

मी कोर्टच्या कडेला बसलो. टीममधलं कुणी जवळ आलं नाही. दिनेश आला. त्याने स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

"पी. आणि तोंड धू. खांब रडताना बरा दिसत नाय."

आम्ही वर गेलो. माझी ड्यूटी बेसवर, लंगरमध्ये. दिनेशची कंपनी दोन पोस्ट पुढे. पोस्टपासून पोस्टपर्यंत चालत जाणाऱ्या तुकडीला लिंक पार्टी म्हणत. रोज सायंकाळी वायरलेसवर हजेरी यायची. सिग्नलवाल्यांचा बंकर लंगरला लागून होता, त्यामुळे मला ऐकू यायचं. त्याचं नाव घेत नसत, नुसता आकडा. आकडा पूरा, सगळे ठीक. मी तो आकडा ऐकून मगच भांडी घासायला घ्यायचो.

पाचव्या आठवड्यात, सकाळी नऊ चाळीसला, हजेरीची वेळ नसताना सेट वाजला.

"लिंक पार्टी चार. पोहोचले तीन. ओव्हर."

"रिपीट. ओव्हर."

"चार निघाले. तीन पोहोचले. उतारावरून बर्फ सुटला. एक खाली आहे. शोध चालू. ओव्हर."

मी पराती हातात घेऊन उभा होतो. अकरा वीसला नाव आलं.

बॉडीसोबत सुभेदार साहेब जाणार होते. त्यांनी मला बोलावलं. "तू चल. त्याच्या घरी बोलायला ओळखीचं माणूस पाहिजे." मी घरी कुणालाच ओळखत नव्हतो. त्याची आई मला फक्त ऐकून माहीत होती. तरी गेलो.

रत्नागिरी मी पहिल्यांदा पाहिली ती अशी. हातखंब्याला गाडी हायवे सोडून वळली तेव्हा दुकानदार शटर ओढून रस्त्यावर उभे होते. जयगडला त्या दिवशी एकही होडी बाहेर गेली नव्हती. हिंदू-मुसलमान सगळी वस्ती बंदरावर. सलामी झाली. मी सावधान उभा राहिलो. दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी निघताना त्याची आई ओट्यावर आली. बारीक बाई, दिनेशएवढीच उंची. माझ्याकडे मान वर करून बघितलं.

"तूच काय तो खांब?"

"हो काकी."

"सांगायचा तो. ती म्याच हरल्यात ना तुमी? फोन केलान होता त्याने. बोल्लान, आई, माझ्या हातून गेली. मोकळा गडी सोडला नि बॉल भलतीकडं टाकला. लय वाईट वाटत होतं त्याला." मग तिने विचारलं, "खरं हाय काय रे?"

सुभेदार साहेब गाडीत बसले होते. इंजिन चालू होतं. मी म्हणालो, "हो काकी."

सतरा वर्षं पूर्ण करून मी पेन्शनवर आलो. बायको आणि मुलगी गावी, मुलीच्या शाळेमुळे. मला जयगडच्या बंदरावर गेटची नोकरी मिळाली. मिळाली म्हणजे मी दुसरीकडे अर्जच केला नाही. भाड्याची एक खोली आहे. इथल्या लोकांचं हेल काढून बोलणं मला अजून पूर्ण कळत नाही आणि माझं मराठवाड्याचं बोलणं ऐकून ते हसतात. ड्यूटी संपली की बोलायला कुणी नसतं. पण रविवारी काकींकडे जेवण ठरलेलं. सात वर्षांत एक रविवार चुकलेला नाही. माशाचा तुकडा मोठा असेल तो माझ्या ताटात.

इथलं मंडळ दरवर्षी दिनेशच्या नावाने बास्केटबॉलच्या मॅचेस घेतं. बक्षीस काकींच्या हातून. दरवर्षी त्या माईकवर तेच सांगतात. "माझ्या पोराने एक मोठी म्याच हारवलीन. पण तुमी खेळा." पोरं टाळ्या वाजवतात. मी मागे उभा असतो. सात वर्षं मी तोंड उघडलं नाही. त्या घरातलं ताट जाईल, ही भीती होती.

यंदा मंडळाने स्मरणिकेसाठी मला लिहायला सांगितलं. लिहायला बसलो आणि खोटं लिहिता येईना. बोललेलं विरून जातं. छापलेलं राहतं. म्हणून मागच्या रविवारी आधी काकींकडे गेलो. त्या कालवं सोलत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वेळेसकट.

त्यांचा हात थांबला. 

"मग त्याने खोटं कशाला सांगितलान?"

"माझं नाव कुठे येऊ नये म्हणून."

"मला सांगून तुझं काय होणार होतं? मी काय तुमची कर्नल?"

 त्यांनी सुरी खाली ठेवली. डोळे पुसले, मनगटाने, कारण बोटं ओली होती.

"आणि मी दरवर्षी माईकवर..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "कसं ते नीट लिव. सगळ्यांना वाचता येईल असं."

म्हणून नीट लिहितो. शेवटची चौदा सेकंद बाकी असताना पास लान्स नायक दिनेश यांनी दिला. पास बरोबर होता. मी मोकळा होतो.