पुढ्यात आलेलं दही

लग्न होऊन मी पिंपरीला आले तेव्हा तिथला औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. कारखान्यातल्या एका साहेबांच्या बायकोने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातल्या बायकांनाही बोलावलं. मी सासूबाईंबरोबर गेले. "नव्या फ्रिजलाही कुंकू लावा," म्हणत बाईंनी दार उघडलं, आणि आत आपोआप दिवा लागला! दूध, लोणी, भाज्या, सगळं लख्ख दिसत होतं. मग त्यांनी एक कप्पा ओढला, तर पार मागचं दह्याचं भांडं सरकत आमच्या पुढ्यात आलं.

आमच्या भिंतीतल्या फडताळात मागचं काही हवं असलं की पुढचे सगळे डबे उतरवायचे. अंधारात चाचपडताना काही सांडलं की बोलणी आम्हालाच. बोलणाऱ्या पुरुषांनी त्यात कधी हात घातला नव्हता.

सासूबाई खिळून उभ्या होत्या. "पुन्यांदा वढा की," म्हणाल्या. बाईंनी पुन्हा ओढला. सासूबाईंनी कुंकवाचं बोट दाराला लावलंच नाही, त्या कप्प्याला टेकवलं आणि हात जोडले.

"जलमभर मी समद्यांच्या पुढ्यात वाढलं," त्या मला म्हणाल्या. "माझ्या म्होरं आणून ठेवणारं आज पयल्यांदा भेटलं."