इरम्मा आणि सृष्टीचा हिरवा चुडा

इरम्मा बांगड्या भरायला बसली की तिचं तोंड आणि हात दोन्ही चालू असतात, आणि दोन्ही थांबवायची कुणाची छाती नाही. उमरग्याच्या आसपासच्या खेड्यांत तिला कासारीण म्हणतात, आळंदकडच्या बायका कानडीत बळेगारती म्हणतात. तिला काहीही म्हणा, पण तिच्या मालाला कचकडा म्हणू नका. एकदा एका नव्या सुनेनं म्हटलं होतं, तर इरम्मानं भरलेली पेटी उचलली आणि चहा न घेता निघून गेली.

तिचा गर्व एकच. हात कसलाही असो, खुरपं धरून राठ झालेला असो की लोण्यासारखा मऊ, तिच्या हातून बांगडी फुटत नाही. अंगठा आत दुमडायचा, तळहात पन्हाळीसारखा करायचा, समोरच्या बाईला माहेरची एखादी खोचक गोष्ट विचारायची आणि ती लाजून हसली की तेवढ्यात बांगडी मनगटावर. बांगड्या उतरवायच्या दुःखाच्या कामाला मात्र ती कुणाच्या दारात गेली नाही. कुणी बोलवायला आलंच, तर म्हणायची, "म्या भरणारी हाय. फोडायला दगुड लई हायत गावात."

ही गोष्ट सृष्टीच्या डोहाळजेवणाची. पहिलटकरीण सून, सातवा महिना, आणि सासू धुरपदाबाई म्हणजे हौसेला मोल नसलेली बाई. दारात मांडव, फुलांचा झोपाळा, आत पुरणाचा घमघमाट. इरम्मा हिरव्या काचेचा चुडा घेऊन भर दुपारी हजर झाली. नागपंचमीला ह्याच पोरीला तिनं अडीचच्या मापाच्या बांगड्या भरल्या होत्या आणि त्या पाण्यासारख्या सरकल्या होत्या. आज तीच अडीचची बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडून बसली. सृष्टीचं तोंडही सुजल्यासारखं दिसत होतं.

"अंग भरलंय पोरीचं!" बायका कौतुकानं म्हणाल्या.

"भरंलच की, दोन जिवांची हाय," इरम्मा म्हणाली. तिला काही शंका आली असेल असं वाटत असेल, तर तसं अजिबात नाही. उलट तिला चेव चढला. असा अवघड हात म्हणजे तिच्यासाठी सणच! तिनं साबण लावला, बोटं चोळली, अंगठा दाबला आणि एकेक करत दोन्ही हातांत अख्खा चुडा चढवला. एकही बांगडी फुटली नाही. बायकांनी वाहवा केली आणि इरम्मा फुलून गेली.

सृष्टी मात्र हसली नाही. हळूच म्हणाली, "इरम्मा मावशी, डोस्कं लई ठणकतंय. आन डोळ्यापुढं तेरखेड्याच्या फुलबाज्या उडायल्यात."

सगळ्या खो खो हसल्या. धुरपदाबाई दृष्ट काढायला मीठ-मिरच्या आणायला धावली. हसली नाही ती एकटी उमादेवी. गावची आशाताई, गरोदर बायकांच्या तपासण्यांवर नजर ठेवणारी. ताट वाढून नुकतीच बसली होती, पोळीचा पहिला घास हातात होता. तो तिनं तसाच खाली ठेवला.

"कधीपासून गं?"

"सकाळपासून. आन इथं बरगडीखाली कळ मारतीया."

"गाडी काढा," उमादेवी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

मागच्या तपासणीत सृष्टीचा रक्तदाब थोडा चढा आला होता. आठवड्यानं परत या, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. पण ती तारीख नेमकी पुरणाच्या तयारीत आली आणि धुरपदाबाई म्हणाली, कार्यक्रम उरकू, मग जाऊ. आताही ती मिरच्या हातात घेऊन म्हणत होती, "ओटी तरी भरू द्या की बाई!"

"ओटी परत भरता येती. चला!" उमादेवीनं सृष्टीला उठवलं. सृष्टीनं इरम्माचं मनगट असं घट्ट धरलं होतं की सुटता सुटेना. तेव्हा बांगड्यांची पेटी मांडवातच राहिली आणि इरम्मा जीपमध्ये.

खड्ड्यांची पर्वा न करता जीप उमरग्याला भिडली. दवाखान्यात नर्सनं रक्तदाब मोजला, खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजला आणि पळतच डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

"आईच्या रक्तातलं पोषण बाळापर्यंत पोचतं ते वारेतून," डॉक्टर भराभर बोलत होत्या. "सुरुवातीच्या महिन्यांतच वार गर्भाशयात नीट रुजली नाही, तर पुढं बाळाला पुरेसं मिळत नाही. मग तिच्यातून काही द्रव्यं आईच्या रक्तात उतरतात, तिच्या रक्तवाहिन्या आवळतात. दाब चढतो, सूज येते. आता कधीही फिटचा झटका येईल. तो येऊ नये म्हणून शिरेतून औषध द्यायचंय. पण वार बाहेर आल्याशिवाय हा आजार हटायचा नाही. बाळ लवकर काढावं लागेल."

"माज्याच हातनं काय वंगाळ खाऊ घातलं का हो?" धुरपदाबाईनं कापऱ्या आवाजात विचारलं.

"खाण्याचा दोष नाही, आणि तुमचाही नाही. तपासणी तेवढी चुकायला नको होती."

नर्सनं कोपरापाशी सुई टोचली, शीर सापडेना. दुसऱ्या हाताला टोचली, तिथंही तेच. सुजेत सगळं बुडालं होतं. मनगटाच्या वर एक शीर अंधूक दिसत होती आणि नेमका तिच्यावर चुडा रुतून बसला होता. साबणानं काढायला गेले तर बांगडी तसूभर हलेना.

"फोडाव्या लागतील," नर्स म्हणाली.

धुरपदाबाई खाटेला आडवी झाली. "माजा इंद्रजित टरक घिऊन हैद्राबादच्या रस्त्याला हाय! आन तुमी त्याच्या बायकूचा हिरवा चुडा फोडताव? दोन जिवांच्या पोरीचा? म्या हात लावू देणार न्हाय!"

डॉक्टर समजावत होत्या, उमादेवी हात जोडत होती, धुरपदाबाई हटत नव्हती. इरम्मा भिंतीला टेकून उभी होती. गरोदर बाईच्या हातातली बांगडी वाढवायची नाही, हे तिच्या सासूनं तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि जन्मभर तिनं तो शब्द पाळला होता. आणि हा चुडा? दाबून, चोळून, वाहवा घेत चढवला कुणी?

सृष्टीच्या ओठाचा कोपरा थरथरायला लागला.

"सरका धुरपदाबाई!" इरम्मा अशी कडाडली की नर्ससुद्धा दचकली. "म्या भरल्यात, म्याच उतरवणार. चुडा जित्या हाताला शोभतो. मनगाटच थंड पडलं तर तुमचा इंद्रजित यिऊन काय काचा बघत बसंल?"

धुरपदाबाईनं सुनेकडं बघितलं. मग ती बाजूला झाली नाही. उलट पुढं आली आणि तिनंच सृष्टीचा हात उचलून धरला. "घे," म्हणाली, "लवकर."

इरम्मानं बांगडीवर ओला फडका गुंडाळला, तिच्याखाली आपल्या बोटाचं टोक रेटलं आणि दाबलं. कट्! पहिली गेली. दुसरीला डोळे भरले. मग मात्र हात सुटला, चुडा भरताना चालतो तसाच. काच रुतली ती इरम्माच्या बोटात. सृष्टीच्या कातडीला ओरखडासुद्धा आला नाही.

"मिळाली शीर!" नर्स ओरडली आणि औषध सुरू झालं.

पोरीला आत नेलं. धुरपदाबाईनं आपल्या नव्या लुगड्याचा पदर टरकन फाडला आणि इरम्माच्या रक्ताळलेल्या बोटाला बांधला. दोघी बाकावर बसून राहिल्या. आत काय चाललंय ते कळेना, बसवेना, उठवेना. आणि मग दाराआडून आवाज आला! मांजराच्या पिल्लासारखा, बारीक, पण चांगला चिडका.

"मुलगी आहे. आईला झटका आला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "अजून काही दिवस दोघींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचंय."

इरम्मानं आनंदाच्या भरात डॉक्टरीणबाईंनाच मिठी मारली.

बाळ बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिलं. सृष्टीचा दाब हळूहळू उतरला. इंद्रजित ट्रकसकट धडधाकट परतला, आणि धुरपदाबाईनं त्याला दारातच फैलावर घेतलं, फोन लागत नव्हता म्हणून.

तेव्हापासून डोहाळजेवणात इरम्मा पेटी उघडायच्या आधी विचारते, "दाब कधी मोजला?" गेल्या आठवड्यात मोजला नसेल तर पेटी उघडत नाही. बायका कुरकुरतात. कुरकुरू देत. शेवटी आशाताईला बोलावणं जातंच.

बारशाला तिनं सृष्टीला पुन्हा हिरवा चुडा भरला. अडीचची बांगडी पाण्यासारखी सरकली. मग तिनं पेटीतल्या सगळ्यात लहान काळ्या मनगट्या काढल्या आणि बाळाच्या हातात घातल्या. बाळानं मूठ हलवली, तशी एक मनगटी घसरून थेट दंडाशी गेली.

"इरम्मा," धुरपदाबाई हसत म्हणाली, "तुला माप चुकलेलं आज पैल्यांदा बघितलं!"

इरम्मा वाद घालेल असं सगळ्यांना वाटलं. पण तिनं ती चिमुकली मूठ आपल्या काचेनं चिरलेल्या बोटाभोवती मिटवून घेतली आणि मांडवभर बायकांसमोर ओक्साबोक्शी रडली.